बोलायला शिकायला कॉलेज लागतं का? भोर-वेल्ह्यातून माइकपर्यंतचा रस्ता

(हे आमच्या पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना आलेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि मध्येच भुंकलेलं कुत्रं काढून टाकलंय. बाकी सगळं जसंच्या तसं.)

एसटीत असाल तर इअरफोन नीट लावा, गोठ्यात असाल तर फोन शेणापासून लांब ठेवा, आणि नेट कमी असेल तर ऐकू नका, हे शब्दांकन वाचा.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आलाय. वेल्हे तालुक्यातली एक मुलगी, बारावी झालेली. ती म्हणते, "ताई, मला निवेदन करायला आवडतं. शाळेत सगळ्या कार्यक्रमांना मीच बोलायचे. आता पुण्यात मास मीडियाचा कोर्स करायचाय. फी ऐकून पप्पा गप्प बसलेत. मामा म्हणतो, बोलायला शिकायला पैसे कशाला, तोंड तर फुकट मिळालंय. ताई, खरंच कोर्स लागतो का?"

मी स्वतः भोर तालुक्यातली. त्यामुळे पप्पांचं गप्प बसणं मला कळतं आणि मामाचं बोलणंही. दोघांनाही एका वाक्यात खोडता येत नाही. फी, खोलीचं भाडं, मेसचा डबा हे सगळं जोडलं तर एका घराचा वर्षा-दोन वर्षांचा दुधाचा पैसा त्यात जातो. म्हणून आज नीट उलगडून बघू. या कोर्समध्ये नेमकं काय शिकवतात, त्यातलं काय पैसे दिल्याशिवाय मिळत नाही, आणि काय घरबसल्या मिळतं.

आधी चार डबे वेगळे करू

लोक 'मीडिया कोर्स' असं एकच नाव घेतात, पण आत चार वेगळी कौशल्यं असतात. एक वक्तृत्व, म्हणजे समोर बसलेल्या माणसांशी बोलणं. दोन वादविवाद, म्हणजे समोरच्याचं ऐकून त्याला उत्तर देणं. तीन रेडिओ, म्हणजे न दिसणाऱ्या माणसाशी बोलणं. आणि चार टीव्ही, म्हणजे काचेच्या डोळ्याकडे बघून बोलणं. पहिल्या दोघांना यंत्र लागत नाही, माणसं लागतात. पुढच्या दोघांना यंत्रही लागतं. कुठे किती पैसे घालायचे याचा अर्धा निकाल इथेच लागतो.

वक्तृत्व: श्वास, रचना आणि समोरचा माणूस

मराठी माणसाला भाषण ऐकायची जुनी सवय आहे. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. म्हणजे बोलण्याला उत्तेजन देणारी सभा! आणि चांगलं बोलण्यासाठी मोठ्या शहरातच राहावं लागतं असंही नाही. प्राचार्य शिवाजीराव भोसले यांचं नाव घरात विचारून बघा. आजोबा लगेच सांगतील. महाराष्ट्रभर ज्यांना ऐकायला गर्दी व्हायची ते भोसले सर फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. फलटण काही मुंबई नव्हे.

वक्तृत्वाच्या वर्गात पहिली गोष्ट शिकवतात ती श्वास. आपण घाबरलो की छातीच्या वरच्या भागातून छोटे छोटे श्वास घेतो. मग वाक्य संपायच्या आधी हवा संपते आणि शेवटचा शब्द गिळला जातो. मराठीत हे फार महागात पडतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. 'आम्ही हे करणार' आणि 'आम्ही हे करणार नाही' यातला फरक शेवटच्या शब्दात आहे. तोच ऐकू आला नाही तर भाषणाचा अर्थच उलटा होतो. म्हणून पोटातून श्वास घ्यायचा सराव आणि शेवटचा शब्द उभा ठेवायचा सराव.

दुसरी गोष्ट रचना. गावातल्या सप्ताहात कीर्तन ऐकलंय ना? नारदीय कीर्तनात पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो. पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन एक विचार मांडतात, उत्तररंगात त्याच विचारावर आख्यान सांगतात. आधी मुद्दा, मग गोष्ट, आणि शेवटी पुन्हा मुद्द्यावर. दोन-दोन तास माणसं जागची हलत नाहीत. कॉलेजात हीच गोष्ट 'भाषणाची संरचना' म्हणून येते. पुढच्या सप्ताहात फक्त भक्ती करू नका, बुवा कुठे थांबतात, आवाज कुठे खाली आणतात, टाळकऱ्यांना कधी घेतात हे वहीत टिपा.

तिसरी गोष्ट, समोरचा माणूस. हे मात्र पुस्तकातून येत नाही. वर्गातली वीस मुलं तुमच्याकडे बघतायत, त्यातली तीन जांभया देतायत, आणि तुम्हाला पुढचं वाक्य बोलायचंय. चांगला वर्ग तुम्हाला हा अनुभव पुन्हा पुन्हा देतो.

वादविवाद: जिंकणं वेगळं, पटवणं वेगळं

आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांमध्ये बहुतेक वेळा दोघांचा संघ असतो. एक विषयाच्या अनुकूल बोलतो, दुसरा प्रतिकूल. विषय आधी मिळतो, त्यामुळे बरीच मुलं पाठ करून येतात. एकामागून एक भाषणं होतात, आणि खरं सांगायचं तर वाद कमी, विवाद त्याहून कमी.

दुसरा प्रकार संसदीय वादविवादाचा. त्यातल्या ब्रिटिश पद्धतीत दोघांचे चार संघ असतात, दोन सरकारच्या बाजूला, दोन विरोधात. विषय कळल्यावर तयारीला फक्त १५ मिनिटं मिळतात आणि प्रत्येकाला ७ मिनिटं बोलायचं असतं. समोरचा बोलत असताना मध्येच उठून प्रश्न विचारता येतो. इथे पाठांतर कामाला येत नाही, ऐकावंच लागतं.

ऐकून उत्तर देणं म्हणजे काय, ते आपल्या भागातल्या विषयावर बघू. समजा विषय आहे: 'गडावर येणाऱ्या पर्यटकांकडून पायथ्याच्या गावाने शुल्क घ्यावं.' राजगड आणि तोरणा दोन्ही वेल्ह्यात. त्या तालुक्याचं नाव सरकारी कागदावर आता राजगड झालंय. त्यामुळे विषय घरचाच.

अनुकूल बाजू म्हणते, "घ्यावं." हा झाला दावा. "कारण कचरा गाव उचलतं, गाड्या गावच्या रस्त्यावर लागतात." हे कारण. "मागच्या चार रविवारी आम्ही पायथ्याशी गाड्या मोजल्या, कचऱ्याची पोती मोजली, हा आकडा." हा पुरावा. दावा, कारण, पुरावा. तीन पायऱ्या. यातली तिसरी पायरी बहुतेकजण गाळतात आणि तिच्या जागी आवाज चढवतात.

आता प्रतिकूल बाजूने काय करायचं? "गाववाले लोभी आहेत" असं म्हटलं तर ती शिवी झाली, खंडन नाही झालं. खंडन असं करायचं: "कचरा होतो हे मान्य. पण शुल्क घेतल्याने तो कमी होतो हे तुम्ही दाखवलं नाही. पैसे दिलेला माणूस उलट म्हणेल, मी पैसे भरलेत, आता तुम्ही उचला." बघा, पुरावा मान्य केला आणि त्यापासून निष्कर्षापर्यंतची साखळी तोडली. कॉलेजचा चांगला वादविवाद वर्ग शिकवतो तो हाच हात.

आपल्या न्यायशास्त्रात यासाठी तीन शब्द आहेत. वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते शोधण्यासाठी चालतो तो वाद. फक्त जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. स्वतःची काही बाजूच न मांडता समोरच्याचं मोडत बसणं म्हणजे वितंडा. आपण घरात 'वितंडवाद नको घालूस' म्हणतो, तो शब्द इथून आलाय. टीव्हीवरची रात्रीची चर्चा बघताना यातलं काय चाललंय ते ओळखायचा खेळ खेळा. मजा येईल. थोडं वाईटही वाटेल.

रेडिओ: कानासाठी लिहायचं

आता यंत्राकडे येऊ. रेडिओच्या वर्गात लोकांना वाटतं की गोड आवाज काढायला शिकवतात. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे लिहायला शिकवतात. कारण वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, रेडिओ ऐकणारा मागे जाऊ शकत नाही. पॉडकास्टमध्ये जाता येतं, पण भाकरी थापताना कोण जातंय!

एक उदाहरण देते. मी तयार केलेलंच आहे, पण असं वाक्य तुम्ही पावसाळ्यात दर आठवड्याला वाचता:

"धरणाच्या पाणलोट क्षेत्रात झालेल्या संततधार पर्जन्यवृष्टीमुळे नदीपात्रातील विसर्गात वाढ करण्यात आली असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, असे आवाहन प्रशासनाकडून करण्यात येत आहे."

हेच रेडिओसाठी:

"धरणातून नदीत जास्त पाणी सोडलंय. नदीच्या पात्रात कुणीही उतरू नका. काठावरच्या मोटारी वर काढा, जनावरं वर बांधा. पाऊस अजून चालू आहे, पाणी आणखी वाढू शकतं."

काय बदललं? सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्या वाक्यात आली. एका वाक्यात एकच काम ठेवलं. 'विसर्ग' गेला, 'पाणी सोडलंय' आलं. आणि 'सतर्क राहावे' म्हणजे नेमकं काय करावे ते सांगितलं. भोर-वेल्ह्याच्या माणसाला हा फरक समजावून सांगायला नको. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव, एवढी धरणं आपल्या दोन तालुक्यांत आहेत. १२ जुलै १९६१ ला फुटलेलं पानशेत वेल्ह्यातलंच. पाण्याची बातमी इथे माहिती म्हणून ऐकत नाहीत, काय उचलायचं आणि कुठे जायचं हे ठरवायला ऐकतात. ती चुकीच्या भाषेत सांगितली तर ती सांगितलीच नाही असं होतं.

लिहून झालं की मग आवाज. निवेदनाचा वेग मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्दांच्या आसपास ठेवतात. म्हणजे दोन मिनिटांच्या बातमीसाठी एका पानाच्या वर लिहायचंच नाही. प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माइकवर 'भक्' असा आवाज येतो. म्हणून माइक तोंडाच्या अगदी समोर न धरता थोडा बाजूला, साधारण वीतभर अंतरावर ठेवतात. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, कारण तो उघड्या भिंतींवर आपटून परत येतो. स्टुडिओत भिंतींना मऊ पॅनेल लावतात ते यासाठी. घरी गोधड्या आहेत ना? दोन गोधड्या दोरीवर टाका, मध्ये बसा. मी माझे सुरुवातीचे भाग असेच रेकॉर्ड केले. उकडतं, पण आवाज कोरडा येतो.

१९५६ मध्ये पुण्याच्या रेडिओने केलेला प्रयोग

ही गोष्ट मला फार आवडते, आणि आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना ती माहीत नसते म्हणून वाईट वाटतं.

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. त्यानंतर अडीच वर्षांनी, १९५६ मध्ये, युनेस्कोच्या मदतीने या केंद्राने एक प्रयोग केला. पुण्यासकट पाच मराठीभाषक जिल्ह्यांतली जवळपास दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचा एक श्रोता गट. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा, शेतीचा, आरोग्याचा, गावच्या कारभाराचा. असे एकूण २० कार्यक्रम. गट एकत्र बसून ऐकायचा, रेडिओ बंद झाला की त्यावर चर्चा करायचा, आणि शंका, प्रश्न केंद्राकडे पाठवायचा. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं मिळायची. ऐका, चर्चा करा, कृती करा असं त्याचं सूत्र होतं. कल्पना कॅनडातल्या शेतकरी रेडिओ गटांवरून घेतलेली.

मग मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूरथ यांच्या मार्गदर्शनाखाली याची मोजणी केली. तीन प्रकारच्या गावांची तुलना केली. श्रोता गट असलेली, नुसता रेडिओ असलेली, आणि रेडिओ नसलेली. गट असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत सर्वात जास्त भर पडलेली दिसली. म्हणजे नुसतं कानावर पडून भागत नाही, त्यावर बोललं तर ते डोक्यात राहतं. तीन वर्षांनी, १९५९ मध्ये, असे गट देशभर सुरू केले गेले.

आता सांगा, यात वक्तृत्व आलं, चर्चा आली, रेडिओ आला. आपला चार डब्यांचा हिशोब इथे एका पंगतीत बसलाय. आणि बोलणारी माणसं कोण? शेतकरी. त्यांच्या हातात कुठलं सर्टिफिकेट नव्हतं.

केंद्राच्या आतही असंच. व्यंकटेश माडगूळकर, 'बनगरवाडी'वाले, अनेक वर्षं आकाशवाणी पुणे केंद्रात ग्रामीण कार्यक्रमांचं काम करत होते. पदवी नसलेला, माडगुळ्याचा माणूस. त्यांना गावाची बोली ठाऊक होती आणि लिहिता येत होतं.

पण मामांनी लगेच खूश होऊ नये. तो काळ वेगळा होता. आज अर्ज भरतानाच पदवी विचारतात.

टीव्ही: इथे मात्र खोली भरून यंत्रं लागतात

टीव्हीच्या वर्गात सगळ्यात आधी कळतं की पडद्यावर दिसणारा माणूस हा कामाचा छोटा भाग आहे. स्टुडिओत दोन-तीन कॅमेरे असतात. बाजूच्या नियंत्रण कक्षात दिग्दर्शक बसतो, त्याच्या शेजारी स्विचरवर कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेर जाणार ते बदलणारा, आवाज सांभाळणारा वेगळा. निवेदकाच्या कानात छोटी वायर, त्यात दिग्दर्शक बोलतोय, "वीस सेकंद राहिले, गुंडाळ." आणि निवेदक चेहऱ्यावर काही न दाखवता पाहुण्याला प्रश्न विचारतोय. कॅमेऱ्यासमोर तिरकी काच असते, तिच्यात अक्षरं सरकत येतात, तो टेलिप्रॉम्प्टर. वाचतोय हे न कळता वाचणं हीसुद्धा शिकायची कला आहे. अभिनेत्री स्मिता पाटील सुरुवातीला मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायच्या.

हे सगळं मोबाइलवर शिकता येत नाही. एकट्याने तर नाहीच. इथे संस्थेचा खरा उपयोग आहे.

जाता जाता एक विज्ञान. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आपण सगळ्यांनी बघितलाय. तो गडावरच का? टीव्हीच्या आणि एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. म्हणून मनोरा उंचावर. आणि म्हणूनच आपल्या खोऱ्यांत पुण्याचं एफएम एका वळणावर लागतं, पुढच्या वळणावर खरखरतं.

'पानी' म्हटलं की हसतात त्याचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. पुण्यातल्या एका वर्गात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा 'पानी' म्हणाले आणि मागच्या बाकावरून हशा आला. पुढचे पंधरा दिवस मी वर्गात तोंड उघडलं नाही. या एका गोष्टीमुळे किती मुलं-मुली गप्प होतात याची गणती नाही.

याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिलं, 'ण'चा उच्चार शिकून घ्या. जीभ वर वळवून टाळूला टेकवायची आणि खाली आणायची. 'बाण, राणी, पाणी, कोण, आपण' रोज पाच मिनिटं, आरशासमोर. दोन-तीन महिन्यांत बसतो. राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरच्या बातम्यांना प्रमाण उच्चार मागतात, तो हातात असावा.

दुसरं, घरची बोली टाकू नका. ती उच्चारातली चूक नाही, ती दुसरी भाषा-पद्धत आहे आणि तिला बाजारात किंमत आहे. सामुदायिक रेडिओचं सरकारी धोरणच सांगतं की निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, आणि शक्यतो स्थानिक भाषेत, बोलीत. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी चालते, तिथे माणदेशी बोलणं ही लाज नसून पात्रता आहे. ऑडिओबुक्स, मालिका, जाहिराती, सगळीकडे अस्सल गावचा आवाज लागतो आणि शहरी कलाकार तो काढायला गेला की आपल्याला दोन वाक्यांत कळतं. दोन्ही आवाज ठेवा. शेतातली चप्पल वेगळी, लग्नातली वेगळी, पाय तेच.

मग शिकायचं कुठे?

आता पप्पांसाठी हिशोब.

पहिला रस्ता, जवळच्या कॉलेजात साधी पदवी. भोरला अनंतराव थोपटे महाविद्यालय आहे, विंझरला अमृतेश्वर महाविद्यालय आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतल्या पदवीत मुख्य विषयाशिवाय भाषा-क्षमता, कौशल्य आणि सहशालेय उपक्रम यांनाही श्रेयांक आहेत. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास काम. कॉलेजात जाऊन विचारा, यात संवादकौशल्य, निवेदन, भाषांतर यातलं काय निवडता येतं. सोबत वादविवाद मंडळ, एकांकिका, एनएसएस. पुरुषोत्तम करंडक, 'लोकसत्ता'ची वक्ता दशसहस्रेषु अशा स्पर्धा तर गावाकडच्या कॉलेजलाही खुल्या दरवाजासारख्या आहेत.

दुसरा रस्ता, पदवी घरून आणि मग पुण्यात पदव्युत्तर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संज्ञापन आणि वृत्तपत्रविद्या विभाग, म्हणजे आपलं रानडे इन्स्टिट्यूट, १९६४ पासून आहे. फर्ग्युसन रस्त्यावर. विद्यापीठाचंच विद्यावाणी हे रेडिओ केंद्रही आहे. एफटीआयआय १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालं, १९७४ पासून त्याची टीव्ही शाखाही पुण्यात आहे. तिथले टीव्हीचे अभ्यासक्रम पदवीनंतरचे, प्रवेश परीक्षा देऊन. भारतीय जनसंचार संस्थेचं अमरावतीला केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारिता शिकवतात.

तिसरा रस्ता, बारावीनंतर थेट मीडियाची पदवी. पुण्यात खासगी विद्यापीठांत आहे. स्टुडिओ चकाचक, फी वर्षाला लाखांच्या घरात. पैशाची ओढ नसेल तर वाईट नाही. कर्ज काढून जात असाल तर प्रवेशाआधी हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा:

१. एका विद्यार्थ्याला आठवड्यात स्टुडिओचे किती तास मिळतात?
२. विद्यार्थ्यांनी केलेला कार्यक्रम कुठे ऐकायला-बघायला मिळेल?
३. मराठीत शिकवता का, मराठीत काम करून घेता का?
४. पदवी कुठल्या विद्यापीठाची, तिला मान्यता आहे का?
५. मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या तीन विद्यार्थ्यांशी बोलता येईल का?

पाचव्या प्रश्नावर ऑफिसमधला माणूस घुटमळला तर चहा पिऊन परत या.

आणि नोकरीबद्दल खरं बोलूया. आकाशवाणीत नैमित्तिक निवेदक म्हणून लेखी चाचणी आणि आवाज चाचणी देऊन निवड होते, पण महिन्याला मोजक्या ड्युट्या मिळतात, ती कायमची नोकरी नाही. खासगी एफएमला आणि सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे 'रेडिओवर बातम्या वाचणार' हे स्वप्न असेल तर दार एकच, आकाशवाणी. वृत्तवाहिन्यांचं बरंचसं काम मुंबईत आहे. पण लिहिता येणारा, आवाज कापता-जोडता येणारा आणि बोलता येणारा, असं तिन्ही करणारा माणूस उपाशी राहत नाही. नुसतं बोलणारा राहू शकतो.

माझं मत

त्या मुलीला मी असं सांगेन. वक्तृत्व आणि वादविवाद घराजवळच्या कॉलेजात शिक. तिथे स्टेज जास्त मिळेल, कारण गर्दी कमी आहे. रेडिओ फोनवर सुरू कर. तीन वर्षांत तुझ्याकडे पदवी असेल, शंभरेक रेकॉर्डिंग असतील, आणि पप्पांच्या डोक्यावर कर्ज नसेल. मग टीव्हीसाठी किंवा पुढच्या शिक्षणासाठी पुण्याच्या चांगल्या सरकारी संस्थेची परीक्षा दे. तिथे खरा पैसा आणि खरा वेळ घाल. म्हणजे मामा अर्धे बरोबर आणि तू अर्धी बरोबर. तोंड फुकट मिळालंय हे खरं, पण कान मिळवावा लागतो.

आणि 'फोनवर सुरू कर' म्हणजे काय, तर हे चार आठवडे:

पहिला आठवडा, रोज पेपरमधली एक बातमी घेऊन ती कानासाठी पुन्हा लिहा. शंभर शब्द, जास्त नाही.

दुसरा आठवडा, तीच गोधडीत बसून रेकॉर्ड करा. फोन एअरप्लेन मोडवर. शेवटचे शब्द ऐकू येतात का बघा.

तिसरा आठवडा, गावातल्या पाच माणसांची तीन-तीन मिनिटांची मुलाखत. धरणात जमीन गेलेले आजोबा, गडावर ताक विकणाऱ्या मावशी, एसटीचे कंडक्टर. परवानगी घेऊन, आणि 'हो का नाही' असं उत्तर येणारा प्रश्न न विचारता.

चौथा आठवडा, चार मैत्रिणी किंवा मित्र गोळा करा, एक भाग सगळ्यांनी मिळून ऐका आणि फोन बंद करून वीस मिनिटं त्यावर बोला. १९५६ चा श्रोता गट, तुमच्या ओट्यावर.

तिसऱ्या आठवड्यातली एक मुलाखत मला पाठवा. चांगली पाच इथे लावू, तुमच्याच आवाजात, 'पानी' असेल तर 'पानी'सकट. पुढच्या भागात एसटीच्या पासबद्दल बोलायचंय, त्यावर बऱ्याच जणांचा राग साठलाय. तोपर्यंत बोलत राहा, आणि समोरच्याचं संपेपर्यंत ऐका.

भेटू.